भंडाऱ्याला न भिणारा साक्षीदार

सिदू धनगराचा नवा जन्म झाला, त्यात गावचे बागायतदार सुंदररावांचा नफा काय, ते आधी मांडून घेऊ. नफा एवढाच, की त्यांचा एकुलता एक लेक विजयसिंह घरी राहणार होता.

विजयसिंहानं रानडुकरांसाठी उसाभोवती तार ओढून तिच्यात वीज सोडली होती. रात्री पिकाला पाणी द्यायला निघालेला कडूबाईचा हरिओम तिला चिकटून गेला. विधवेचं एकच पोर, पंचविशीतलं. उजाडताना विजयसिंहानं तार गुंडाळली आणि साप चावल्याची आवई उठवली. उन्हं वर यायच्या आत सरण पेटलं. लाकडं सुंदररावांनीच दिली, अगदी मोकळ्या हातानं.

पण कडूबाईनं पोराच्या नडगीवरची काळी रेघ पाहिली होती. ती म्हणाली, "त्या सकाळी सिदूचा मेंढरांचा वाडा शेजारच्या रानात होता. त्यानं खंडोबाच्या देवळात भंडारा उचलून सांगावं, तार नव्हती. मग मी गप बसते. न्हाईतर फिर्याद देते."

ओंजळीत देवाची हळद घेऊन जो खोटं बोलतो, त्याचा वंश बुडतो, हे तलवाड्याच्या अंगाला शेंबडं पोरही जाणतं. धनगर तर मरेल, पण भंडाऱ्यावर खोटं बोलणार नाही. आणि इथं सुंदररावांना घबाड दिसलं. सिदू आठ महिन्यांपूर्वी गोदावरीत बाप्तिस्मा घेऊन येशूचा झाला होता. दर रविवारी गेवराईला सोमनाथ पास्टरच्या पत्र्याच्या शेडात जायचा. भंडाऱ्याला न भिणारा धनगर! असा नग पुऱ्या तालुक्यात शोधून सापडला नसता.

एक रक्कम मात्र त्यांनी धरली नाही. नव्या जन्मानंतर महिन्याभरात सिदू एक मेंढी आणि तिची दोन पिल्लं घेऊन दुसऱ्या एका धनगराच्या, धुळाजीच्या दारात उभा राहिला होता. तीन वर्षांपूर्वी चुकून आलेल्या कोकराच्या कानाची खूण बदलून त्यानं ते आपलं केलं होतं. ते तो व्याजासकट परत देत होता. गाव चार दिवस हसलं. सगळ्यात मोठ्यानं सुंदरराव.

ते सिदूच्या वाड्यावर गेले तेव्हा तो मेंढीचे खूर तासत होता.

"काय सिद्या, नव्या जलमात बायको जुनीच ठेवली म्हणं?"

"दुसरी कोन येतीय मालक ह्या मेंढरांत!" पालातून भामाबाई म्हणाली.

सुंदरराव उकिडवे बसले. "हे बघ. तुला आता भंडारा म्हंजे नुसती हळद. तुझा देव तितं न्हाई, आमचा तुझ्यावर चालत न्हाई. तार नव्हती म्हण आन् हात धू. माझं सगळं रान तुझ्या मेंढरांना बारमाही मोकळं."

"खोटं बोलता येत न्हाई मालक."

"कावून? जीभ बदलली का बे?"

"जीभ तीच हाय. म्हून तर रोज वाडा सोडायच्या आदी येशूकडं मागून घ्यावं लागतं. त्याच्या पवित्र आत्म्यानं आजच्यापुरतं धरलं, तर आज निभतं. उद्याचं उद्या मागायचं."

हा गडी भाव वाढवतोय, असं सुंदररावांनी ताडलं. "मग उद्या नीट मागून ये. न्हाईतर ह्या शिवारात तुझ्या मेंढरांना पान्याचा थेंब न्हाई."

त्याच दिवशी पास्टरचाही निरोप आला होता: हळदीला हात लावलास तर मंडळीच्या संगतीत जागा नाही.

देवळात पंच बसले. सिदू ताटापासून दोन हात लांब उभा राहिला. "तार होती. विजयसिंगानं गुंडाळली. मी बगितलं."

सुंदरराव पास्टरचा निरोप ऐकून होते. ते हसले. "भंडारा कुठाय? बिनभंडाऱ्याचं बोलणं म्हंजे वारा. किरिस्तावाचं तर लईच."

पंचांनी माना डोलावल्या. मग कडूबाई उठली. "सिदूदादा, उचल की रे. मला खरं वाटू दे."

सिदूनं डोळे मिटले. ओठ हलले. मग त्यानं दोन्ही हात मनगटापर्यंत हळदीत घातले.

"तार होती."

भंडारा आपणच मागितला, हे सुंदररावांना कळलं, तेव्हा कडूबाई देवळाच्या पायऱ्या उतरली होती. संध्याकाळी पोलिसांनी विजयसिंहाला नेलं.

कडूबाईनं खंडोबाला नारळ फोडला. "बाटग्याच्या तोंडून देवच बोलला," म्हणाली; आणि सिदू दारात आला तेव्हा त्याला भांडं न देता वरून, ओंजळीत पाणी वाढलं. रविवारी पास्टरनं त्याची पिवळी नखं पाहिली आणि त्याला शेडाबाहेर बसवलं. सोमवारी एक्केचाळीसपैकी चौतीस मेंढरं पाणवठ्यावर पोटं फुगून पडली. कुणी काही पाहिलं नव्हतं. मेंढरांसाठी भंडारा उचलायलाही कुणी आलं नाही. भामाबाई लिंबागणेशला भावाकडं गेली.

चार महिन्यांनी विजयसिंह जामिनावर सुटला. उसाला पाणी द्यायला आता तो दिवसाच जातो.

सिदू अजून वाडा सोडायच्या आधी गुडघे टेकून मागतो, आजच्यापुरतं.

तर खंडोबाला नारळ मिळाला, पास्टरची शिस्त राहिली, कडूबाईला कोर्टाची तारीख मिळाली, सुंदररावांना लेक. आणि भरलं कुणी म्हणाल, तर हरिओमनं एकदा, आणि सिदूनं रोज.