आत्याचा बाक

"आत्याचं रविवारी कळेल. मग सोमवारी तिकिटं काढून टाकू," असं भाचा आपल्या बायकोला म्हणाला, आणि नेमकी त्याच वेळी आत्या त्यांच्या धाकट्या गठ्ठूचा वाळलेला स्वेटर घेऊन त्यांच्या दारात उभी होती. तिने स्वेटर कडीला अडकवला आणि आल्या पावली जिना चढून वरच्या मजल्यावर आपल्या घरी निघाली.

वाक्य तसं साधंच होतं. पण आत्याचा उभा जन्म शाळेत भूगोल शिकवण्यात आणि पेपर तपासण्यात गेला होता, त्यामुळे परीक्षेचा वास तिला लांबूनच यायचा. रविवारी आपली परीक्षा आहे, विषय गुडघे, आणि नापास झालो तर हे चौघं युरोपला जाणार आणि आपण इथे त्यांच्या कुंड्यांना पाणी घालत बसणार, हे तिने जिन्याच्या वळणापर्यंत पोचेस्तोवर ताडलं. वळणावर ती थांबली. उजवा गुडघा तिथे नेहमीच तिला थांबायला लावायचा.

रविवारी काय होतं ते सांगायला हवं. भाचा शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं आखायचा. नवा मार्ग सुरू करायचा तर आधी त्यावरून रिकामी बस फिरवून बघायची, कुठे वळताना अडतं, कुठे वेळ जातो, हे नोंदवायचं आणि मगच प्रवासी घ्यायचे, अशी त्यांच्या खात्याची रीत. ही रीत त्याने घरातही आणली होती. सोफा घेण्याआधी सोफ्याच्या मापाचे कागद जमिनीवर चिकटवून सगळ्यांना आठवडाभर त्यांना वळसा घालून चालायला लावणारा हा गृहस्थ. लहान पोरांना घेऊन परदेशी जायचं म्हटल्यावर तो तालमीशिवाय थोडाच जाणार! म्हणून रविवारी आपल्याच गावात, तिथे असल्यासारखा, अख्खा दिवस काढून बघायचा होता. आत्यालाही त्याने बोलावलं होतं. "येशील ना? गंमत म्हणून," एवढंच म्हणाला होता.

बेत फ्रिजच्या दारावर होता. एकच शहर, एकच भाड्याचं घर, स्वयंपाकघर असलेलं, जवळ बाग असलेलं. रोज एक लाल चुंबक, म्हणजे सकाळी बघायची एकच एक गोष्ट. बाकी सगळी पिवळी चुंबकं. पाऊस आला तर संग्रहालय, ऊन पडलं तर बाग, कोणी भोकाड पसरलं तर सरळ घर. "पोरं बरोबर असली की बेत रबरासारखा हवा," भाचा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. "ताणला तर ताणला जावा, तुटता कामा नये." लाल चुंबकंसुद्धा तो रोज संध्याकाळी इकडची तिकडे करायचा. कुठलीच गोष्ट जागेवर ठरलेली नाही, याचा एवढा अभिमान बाळगणारा माणूस विरळाच.

आत्याला त्या शहरात जायचं होतं, आणि फार जायचं होतं. त्या शहराच्या मधून एक नदी जाते. वर्षानुवर्षं तिने ती नदी फळ्यावर निळ्या खडूने काढली होती. उगम, वळण, उपनद्या, मुख. डोळे मिटूनही काढली असती. पण हे तिने कोणाला सांगितलेलं नव्हतं. ती भाच्याची आई असती तर हक्काने रुसली असती. आत्याने कसं रुसायचं? भाचा शाळेच्या दिवसांत तिच्याकडे राहून शिकला होता हे खरं, पण केलेलं काढून दाखवणाऱ्यांतली ती नव्हती. आपणहोऊन मागायचं नाही, आणि मिळालं तर आपल्या लायकीवर मिळालेलं बरं, असा तिचा खाक्या.

म्हणून तिने तयारी केली. रविवारी सकाळी चहाबरोबर दुखण्याची गोळी घेतली, गुडघ्याला आतून पट्टा बांधला, नवे बूट चढवले आणि सगळ्यांच्या आधी खाली येऊन उभी राहिली.

बसमध्ये एका तरुणाने उठून जागा दिली. "बसा, बसा."

"छे छे, मी आपली उभीच बरी," आत्या म्हणाली आणि दांडा पकडून ताठ उभी राहिली. भाच्याने तिच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि एक बारीक उसासा सोडला. आत्याला वाटलं, पहिल्याच प्रश्नाला आपले मार्क कापले गेले. दांडा घट्ट पकडायला नको होता.

दिवसाचं लाल चुंबक म्हणजे जुन्या वाहनांचं संग्रहालय. थोरली सहा वर्षांची. तिला सगळे चौकशीबाई म्हणत, कारण तिच्या तोंडाचा पट्टा झोपेतच काय तो बंद पडायचा. तिने पहिल्याच बग्गीपाशी पहारेकऱ्याला धरलं. घोडे कुठे आहेत, ते कधी मेले, कोणी सांगितलं, तुम्ही पाहिले होते का? धाकटा गठ्ठू तीन वर्षांचा. दिसेल त्याच्या कडेवर चढून बसायचं, हा त्याचा जीवनक्रम. त्याने बग्ग्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फरशी पुसायचं एक यंत्र घेऊन एक बाई हॉलभर फिरत होत्या, गठ्ठू त्या यंत्रामागे असा चालू लागला की जन्मभर ह्याचसाठी पाय राखून ठेवले होते. मग सगळं खानदान त्या यंत्रामागून.

"बघितलंस?" भाचा खुशीत येऊन बायकोला म्हणाला. "म्हणून सकाळी एकच गोष्ट. तिच्या जागी यंत्र आलं तरी दिवस फुकट गेला नाही."

वाटेत भिंतीला लागून बाकं होती. भाचा प्रत्येक बाकाशी रेंगाळायचा. "आत्या, टेकतेस जरा?"

"टेकायला काय झालंय मला?" आत्या म्हणायची आणि पुढे सुटायची. तो अधिकच हिरमुसायचा. तो हिरमुसला की ती आणखी झपाझप चालायची. एकदा तर ती फरशी पुसणाऱ्या बाईंच्याही पुढे गेली आणि बाईंनी तिला वाट द्यायला यंत्र बंद केलं. गठ्ठूने त्यावरून गळा काढला.

भाचेसून लहान मुलांच्या दातांची डॉक्टर होती. तोंड उघडायला तयार नसलेल्या पेशंटचं नेमकं कुठे दुखतंय हे बाहेरून ओळखण्यावर तिचं पोट चालायचं. दुपारी बागेत सँडविच खाताना, आत्या झाडाला टेकून उभ्याउभ्याच खात होती, तेव्हा ती हळूच जवळ आली.

"आत्या, तुम्ही सकाळपासून जबडा आवळून चालताय. दाढ दुखतेय का?"

"माझ्या दाढा दगड फोडतील," आत्या म्हणाली.

"मग जे दुखतंय ते सांगा."

"काही नाही गं, सवयच आहे तशी," म्हणून आत्याने सँडविचचा मोठा घास घेतला. तोंडात घास असलेल्या माणसाला पुढचं विचारता येत नाही, हे ती वर्गात शिकली होती.

बागेच्या टोकाला घड्याळाचा मनोरा होता आणि आत गोल जिना. हे पिवळं चुंबक, म्हणजे जमलं तर. चौकशीबाईला वर जायचंच होतं. गठ्ठूचे डोळे मिटत आले होते. बाबागाडीत तो बसेना, आईकडे जाईना. त्याने आत्याचे दोन्ही पाय मिठीत घेतले आणि वर बघून दोन्ही हात पसरले. परीक्षेच्या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त मार्क असतात. आत्याने त्याला उचलून खांद्यावर टाकलं आणि सगळ्यांच्या आधी जिना चढू लागली.

चारपाच पायऱ्या झाल्या आणि गुडघ्याने तिला सांगितलं, आता बास. सांगितलं म्हणजे कळ अशी आली की डोळ्यांसमोर काजवे चमकले. तिने भिंत धरली.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. आवाज साधा ठेवायला तिला फार कष्ट पडले. "हा झोपलाय. मी आलेच सावकाश."

ती माणसं वळणाआड गेली तशी ती एकेक पायरी उतरली आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या बाकावर बसली. बसली ती बसलीच. गठ्ठू खांद्यावर जड झाला होता आणि त्याच्या उघड्या तोंडातून लाळ तिच्या बाहीवर उतरत होती. ती हलू शकत नव्हती.

झालं, ती मनात म्हणाली. तिला वाईट वाटलं, लहान मुलीला वाटावं तसं वाईट. कुंड्या तिला दिसू लागल्या, खिडकीतली मोठी आणि गॅलरीतल्या लहान. मग हळूहळू, दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे, ती समोर बघू लागली. एक माणूस सायकलला हवा भरत होता. दोन बायका एकमेकींचा निरोप घेत होत्या आणि काही केल्या तो संपत नव्हता. कबुतरं गठ्ठूने सांडलेला पाव टिपत होती. वरच्या घड्याळाचे ठोके पडले तेव्हा गठ्ठू दचकला. तिने त्याच्या पाठीवर थोपटलं आणि तो पुन्हा झोपला. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा जबडा सैल सुटला होता, पण हे तिच्या लक्षातही आलं नाही.

"आत्याआजी बसली! बाबा, आत्याआजी खाली बसली!" वरून चौकशीबाईचा आवाज आला. अख्ख्या बागेने माना वर केल्या.

भाचा धापा टाकत खाली आला. मागून भाचेसून आणि थोरली. तो काही बोलायच्या आत आत्याने तोंड उघडलं.

"नापास झाले. कबूल आहे. गुडघा कधीपासून दुखतोय, सकाळी गोळी खाऊन आले होते. सोमवारी तुमची चार तिकिटं काढा. कुंड्यांचं मी बघेन."

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. मग तो मटकन तिच्या शेजारी बसला.

"आत्या, तू कधी बसतेस याची मी सकाळपासून वाट बघतोय!"

"म्हणजे?"

"म्हणजे तालीम त्याचीच होती. तू वर्गात कधी खुर्चीवर बसली नाहीस. कुणाकडे गेलीस तर चहा उभ्यानेच पितेस. ही बाई आमच्याबरोबर एका जागी थांबेल का, एवढंच मला बघायचं होतं. मघाशी तू त्या यंत्रालाही मागे टाकलंस तेव्हा मी हात टेकले. म्हटलं, आमच्या कासवाच्या चालीत हिला कशाला कोंडून घालायचं? तुला भरभर हिंडणाऱ्या मंडळींबरोबर वेगळं पाठवू, असं ठरवत होतो."

आत्याला आधी हसू आलं, मग तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. रागाचं हे लक्षण भाच्याला लहानपणापासून माहीत होतं.

"थांबायला म्हणजे पोरं राखायला. असंच ना?"

"हेच तू म्हणणार, म्हणून मी आधी बोललो नाही," भाचा म्हणाला आणि बुटांकडे बघू लागला.

भाचेसून समोर येऊन उकिडवी बसली. "आत्या, मी सरळच सांगते. हा दुपारी असा झोपतो. मग आमच्यापैकी एकाने ह्याच्यापाशी थांबायचं, दुसऱ्याने हिला घेऊन फिरायचं. अख्खी सुट्टी आम्ही एकमेकांना हात हलवत काढणार. तुम्ही आलात तर आमचं सोपं होईल, यात आमचा स्वार्थ आहेच. तो मी नाकारत नाही."

"नुसता स्वार्थ नाही," भाचा म्हणाला. तो अजून खालीच बघत होता. "बसच्या प्रत्येक फेरीच्या टोकाला आम्ही उसंत ठेवतो. ती नसली तर दुपारपर्यंत सगळा मार्ग कोलमडतो. मी लहान होतो तेव्हा तू पेपर तपासायचीस आणि मी तुझ्या मांडीला टेकून झोपायचो. माझ्या सगळ्या लहानपणात तेवढी एकच उसंत होती, आत्या. ती माझ्या पोरांना मिळावी असं मला वाटतं. तूही असावीस असं वाटतं. बाकी काही नाही."

आत्याने गठ्ठूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग तिने दुखरा पाय उचलून, सगळ्यांदेखत, बाकावर लांब केला. भाच्याने सरकून जागा दिली.

"येईन," ती म्हणाली. "पण बाक कुठला ते मी ठरवणार."

"कुठला?"

तिला पटकन बोलता येईना. मागायची सवयच नव्हती. "नदीकाठचा," ती शेवटी म्हणाली. "एकदा वर्गात एका मुलीने विचारलं होतं, बाई, खरी नदी पण निळीच असते का? मी म्हटलं, हो. आणि पुढचा धडा घेतला. मला काय माहीत होतं? मी खडूचा रंग सांगितला. मला ती बघायची आहे. नुसती बसून बघायची आहे."

"मग आधी का नाही सांगितलंस?" भाचा म्हणाला.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तेवढ्यात गठ्ठूने डोळे किलकिले केले, आजूबाजूला पाहिलं आणि विचारलं, "आलो का आपण तिकडे?"

"अजून नाही रे," आत्या म्हणाली. "झोप तू."

संध्याकाळी सगळे खालच्या घरी जमले. आत्या खुर्चीवर बसली होती, पाय स्टुलावर, गुडघ्यावर भाचेसुनेने दिलेली शेकायची पिशवी. भाचा फ्रिजसमोर उभा होता. सकाळी एकच गोष्ट, हे दिवसभरात पटलं होतं. मनोरे कमी करायचे, हेही पटलं होतं. तो पिवळी चुंबकं भराभर उचलून इकडे तिकडे लावत होता. मग त्याने एक निळं चुंबक शोधून काढलं आणि रोजच्या दुपारवर लावलं. ते दारावर नीट चिकटेना, म्हणून वरून चिकटपट्टीही मारली.

चौकशीबाई हे बघत होती. "बाबा, याला चिकटपट्टी का? तुम्ही तर म्हणता सगळं हलवता आलं पाहिजे."

"सगळं हलेल," भाचा म्हणाला. "पाऊस आला, गठ्ठू रडला, तू रुसलीस, तरी सगळं हलेल. हे तेवढं हलणार नाही. इथे आत्याआजी बसणार आहे."

आत्याने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं. तिथे कुंड्या होत्या.

"यांना पाणी कोण घालणार, ते बघा आधी," ती म्हणाली, आणि डोळे पुसले.