हात कुणी कुणी लावला

झुंबरबाईला पहिला फटका तिच्या पोटच्या पोरानं मारला, हे आधीच सांगून टाकतो. लोक ही हकीकत सांगताना ते वगळतात आणि मग बाकीच्या कशालाच अर्थ उरत नाही.

मी भिकन, नाशिकचा, आरोग्य खात्यातला लस टोचणारा. पाड्यांवर आम्हाला देवी डॉक्टर म्हणत, आणि आम्ही दिसलो की अर्धी वस्ती जंगलात पळे. लस टोचायला आलो की आम्ही म्हणायचो, 'देवी काढायला आलोय.' ऐकणाऱ्याला वाटे, घरी आलेल्या देवीला हे हुसकून लावणार आणि मग ती कोपणार. खात्यानं दुसरा एखादा शब्द शोधायला हवा होता, पण खात्याला एवढा वेळ कुठला.

सत्तर-एकाहत्तरचा सुमार असेल. हरसूलच्या वर डोंगरात एक पाडा होता. तिथला बहिरू खडी फोडायच्या कामावरून ताप घेऊन परतला आणि अंगभर फोड येऊन मेला. मागोमाग त्याची बायको गेली. राहिली त्यांची लहानगी पोर, तीही फोडांनी भरलेली. पाड्याची रीत अशी, की ज्या घरात देवी आली त्याच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचायचा आणि आत कुणी जायचं नाही. जायचं ते फक्त तोंडावर देवीचे वण असलेल्या माणसानं. असं तोंड पाड्यात एकच होतं, झुंबरबाईचं. ती रोज आत जाई, पोरीला पेज पाजी, फुटलेले फोड आपल्या लुगड्याच्या पदरानं पुसून घेई.

ही रीत मला आमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा शहाणी वाटते. अंगाची स्वतःची फौज असते. एखाद्या रोगाशी लढून ती एकदा जिंकली, की त्याचा चेहरा विसरत नाही. तो पुन्हा आला की पाय रोवायच्या आत त्याला ठार करते. झुंबरबाईच्या अंगात ही मारामारी ती परकरात असतानाच होऊन गेली होती. आता देवीचा रोग तिला काही करू शकत नव्हता.

पण बहिरूचा धाकटा भाऊ यादव याला त्यात वेगळंच दिसलं. बाई रोज त्या घरात जाते, तिथली माणसं मरतात आणि हिला साधा तापही येत नाही. मग हीच त्यांना खाते, ही भुताळी आहे. तिचं जिवंत राहणं हाच तिच्याविरुद्धचा पुरावा झाला. त्याचा मला आजही संताप येतो.

भर दुपारी आठ-दहा तरणे गडी तो डहाळा तुडवून आत घुसले. झुंबरबाई पोरीला पाणी पाजत होती. तिला केसांना आणि लुगड्याला धरून फरफटत बाहेर आणली आणि मोहाच्या झाडाला बांधली. मग यादवनं काठी तिच्या लेकाच्या, सोमाच्या, हातात दिली. म्हणाला, तू मार, तर आमचा. नाही तर भुताळीचा म्हणून तुलाही इथंच बांधतो. सोमानं मारलं. आईचा उजवा हात कोपराच्या वर मोडला. मग सगळेच तुटून पडले. दात पडले, डोक्याला खोक पडली, लुगड्याच्या चिंध्या झाल्या. मेली असं समजून त्यांनी तिला सोडलं. आत ती पोर पाण्यावाचून तशीच पडून होती. तिला बघायला कुणी गेलं नाही आणि उजाडायच्या आत तीही मेली.

मारहाणीची बातमी हरसूलच्या बाजारात पोचली, म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्यासोबत एक हवालदारही पाड्यावर चढला. बहिरूच्या दारात तो डहाळा तुडवलेला पडला होता. ज्या घराला सगळ्या पाड्यानं इतकं जपून टाळलं, त्यात हे गडी घुसले होते, तिथली हवा त्यांनी छातीत भरून घेतली होती आणि पुवानं भरलेलं लुगडं मुठीत धरून ओढलं होतं. त्यातला एकही टोचलेला नव्हता.

अजून वेळ गेली नव्हती. देवीचा रोग अंगात शिरला तरी वर यायला बरेच दिवस घेतो. दोन-तीन दिवसांत लस टोचली तर लसीतल्या गरीब जंतूवर हात साफ करून अंगाची फौज आधी तयार होते आणि खऱ्या वैऱ्याला गाठते. मी पाड्यात हिंडून ओरडून सांगितलं, की त्या घरात जे गेले, तिच्या अंगाला ज्यांनी हात लावला, त्यांनी सुई टोचून घ्या, नाही तर मराल. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हवालदाराच्या काठीकडे. पुढं होणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. मी म्हणालो, खटल्याचं नंतर बघू, आधी जीव. कुणाला ते पटलं नाही.

बायका टोचून घेऊ लागल्या, पोरंही पुढं आली. तरणा गडी मात्र एकही दिसेना. दारादारात उभ्या असलेल्या आया एकच सांगत होत्या, की पोरगा सिन्नरला कामाला गेलाय. यादवची आई तानुबाईही तेच म्हणाली. तिच्या माळ्यावर काहीतरी करकरलं, तर म्हणाली, घूस असेल. मी दोन दारांना खांदा लावून पाहिला. दुसऱ्या दारातून कोयता बाहेर आला आणि माझ्या बाहीसकट कातडं सोलून गेला.

झुंबरबाई तिच्या ओट्यावर पडली होती. मी तिच्या हाताला काठ्या बांधत होतो. तिनं माझं ओरडणं सगळं ऐकलं होतं. सुजलेल्या तोंडानं तिनं एवढंच विचारलं, "सुई टोचली तर मरत नाय ना?"

मी म्हटलं, "आज टोचली तर बहुतेक नाही मरत."

तिनं डावा हात उचलून आपल्याच झोपडीकडे बोट केलं. "सोमा कणगीत हाय. पयला त्यानंच मारलं मला."

आम्ही त्याला धान्याच्या कणगीतून उपसून काढला. त्यानं लाथा झाडल्या, माझ्या मनगटाला चावा घेतला, आईला नाही नाही त्या शिव्या दिल्या. हवालदार त्याच्या छातीवर बसला आणि मी त्याच्या दंडात सुई टोचली. पाडा बघत होता. पोटच्या पोराला पोलिसाच्या हाती देणारी भुताळी नाही तर कोण, असं म्हणून तानुबाई तिच्या तोंडावर थुंकली. झुंबरबाईनं पुसलंही नाही. सोमाला दोरी लावून खाली नेलं.

कोठडीत त्याचा दंड सुजला, ताप भरला, सुईच्या जागी लस लागल्याची खूण म्हणून एकच मोठा फोड आला आणि खपली धरून सुकला. मला तो फोड बघून रडू आलं, कबूल करतो.

तीनेक आठवड्यांनी मी पुन्हा पाड्यावर गेलो तेव्हा दारोदार डहाळे होते. माळ्यांवर, कणग्यांत कोण कोण लपलं होतं, ते आता डहाळ्यांनीच सांगितलं. दोघांना पुरलं होतं. यादव आपल्या घरात पाणी पाणी करत होता, आणि तानुबाई झुंबरबाईच्या ओट्यासमोर दगड घेऊन उभी होती.

"यादव माळ्यावर हाय, हे तुला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "स्वतःचा वाचवलास. माझ्याचं नाव का नाय घेतलंस?"

झुंबरबाई हलली नाही. म्हणाली, "लेक तुझा व्हता. बोट तू दाखवायचं."

तानुबाईनं दगड फेकला नाही. तिच्या हातातून तो खाली पडला. मग तिनं पदर पसरला आणि म्हणाली, तू तरी आत जा, त्याला पाणी दे, मला भीती वाटते. झुंबरबाईनं मोडका हात मांडीवर घेतला आणि बसून राहिली. मीही तिला ऊठ म्हणालो नाही. तानुबाईला सांगितलं, तुला त्या दिवशी टोचलंय, तुला काही होणार नाही, तू जा.

ती लोटा घेऊन गेली. मी मागोमाग दारात उभा राहिलो. यादवचं तोंड ओळखू येत नव्हतं, डोळे फोडांनी चिकटले होते. ओठाला लोटा लागल्यावर त्यानं चाचपडत तो हात धरला.

"झुंबरमावशी का?" त्यानं विचारलं.

तानुबाईनं माझ्याकडे बघितलं.

"हां," ती म्हणाली. "पी."