शेजारच्या घरचा अप्पम

एलिश्वाने वर्तमानपत्र मांडीवर पसरलं, बोट ओलं करून पानं उलटली आणि पुन्हा पहिल्यापासून उलटली. निधनवार्तांचं पान आजही नव्हतं. गेले अडीच आठवडे हेच चाललं होतं.

"लिसम्मा, आतलं पान कुठंय गं?"

"माशांची खवलं टाकायला घेतलं, अम्मच्ची," सून स्वयंपाकघरातूनच म्हणाली.

ईस्टरच्या आधीचा पन्नास दिवसांचा उपास सरत आला होता आणि इतक्या दिवसांत या घरात मासा आलाच नव्हता. खोटं बोलायची सवय नसली की माणूस असंच काहीतरी बोलून जातं. एलिश्वाने पेपरची घडी घातली, त्यावर चष्मा ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा आवाज ऐकत बसली. मध्येच तो थांबला.

जानेवारीत तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी तिच्या मुलाला पडद्याआड नेऊन सांगितलं होतं की म्हातारीला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. पडदा कापडाचा होता. तेव्हापासून घरात कुणी हळू बोललं की तिचे कान टवकारत. पण या अडीच आठवड्यांतली कुजबुज वेगळी होती. एलिश्वा आली की ती थांबे, आणि थांबल्यावर कुणीतरी उगाच हवापाण्याचं बोले.

तिचा संशय एकाच माणसापाशी येऊन अडकत होता. तिचा धाकटा भाऊ चाक्को. पाद्री होऊन तो छत्तीसगडच्या जंगलात गेला, त्याला चाळीस वर्षं झाली. हे घर बापाचं. बापाने एलिश्वाच्या नवऱ्यालाच घरी ठेवून घेतलं, म्हणून ती इथे राहिली. पण चाक्कोचंही माहेर म्हणा, घर म्हणा, हेच. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा तो पोचला तो माती झाल्यावर. एलिश्वाने त्याला फाटकातच गाठलं. "तुझी आई तिकडच्या जंगलात आहे, तिलाच जाऊन पूर," ती म्हणाली. तो पिशवी खालीसुद्धा न ठेवता परत फिरला. तेव्हापासून तो पत्र पाठवी, ती वाची. उत्तर मात्र तिने एकदाही दिलं नाही.

या उपासाच्या पहिल्या दिवशी तिने नवस बोलला होता. पन्नास दिवस पूर्ण करीन, मन धुऊन घेईन आणि ईस्टरच्या सकाळी चाक्कोची क्षमा मागीन. पण कुजबुज सुरू झाली तसा तिला धीर निघेना. फोन लावून दे म्हणाली, तर मुलगा वक्कच्चन म्हणाला, तिकडे रेंज नसते. दुसऱ्यांदा म्हणाली, तर तो म्हणाला, नवस ईस्टरचा आहे ना, मग मोडता कशाला? आईच्या नवसाची इतकी काळजी त्याने आजवर कधी केली नव्हती.

बुधवारी गावचा पाद्री तिला घरी कम्युनियनचा प्रसाद द्यायला आला. सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला, तिच्या नातवाच्या वयाचा. एलिश्वाने प्रार्थना संपू दिली, मग साधेपणाने विचारलं, देवाला आरंभ नाही म्हणतात, तर आपला काल आणि उद्या त्याला कसा दिसत असेल? पाद्री खुलला. वेळसुद्धा त्यानेच घडवली, त्याच्या आधी 'आधी' असं काही नव्हतंच, असं तो सांगत गेला. आपण जपमाळेचा एकेक मणी सरकवतो. त्याच्या तळहातावर अख्खी माळ असते.

"असं बघा, अच्चन," ती पाद्रीला म्हणाली. "एखादा माणूस जाऊन महिना झालाय. आज मी म्हटलं, देवा, त्याची शेवटची घटका सोपी कर. हे वेडेपणाचंच ना?"

"मुळीच नाही. तुम्ही आज मागितलेलं त्याने त्याच दिवशी ऐकलंय. तुम्ही निर्धास्त मागा."

एवढं बोलून त्याने दाराकडे पाहिलं. दारात वक्कच्चन उभा होता. पाद्री घाईने पिशवी आवरू लागला, कॉफी नको म्हणाला. या घरची कॉफी न घेता तो आजवर कधी गेला नव्हता.

गुरुवारी संध्याकाळी पेसहाची, म्हणजे प्रभूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घरोघरी अप्पम कापून वाटायच्या विधीची, तयारी झाली. लिसम्माने तांदळाचा, यीस्ट न घातलेला अप्पम वाफवला, त्यावर कोवळ्या झावळीचा क्रूस ठेवला आणि गूळ घालून नारळाचं दूध उकळलं. तिचे डोळे लाल होते. धुरामुळे, ती म्हणाली. चूल तर गॅसची होती. एलिश्वाने आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ओढून घेतली आणि तिथून हलली नाही.

दिवे लागायच्या सुमारास त्याच दाराची कडी हळूच वाजली. लिसम्मा पोचायच्या आत एलिश्वाने बसल्या जागेवरून दार उघडलं. बाहेर शेजारची पेण्णम्मा उभी होती, पदराखाली झाकलेली थाळी घेऊन. एलिश्वाला पाहून ती उंबऱ्याबाहेरच थबकली.

"लिसम्मा नाही का?" तिने विचारलं.

"आहे. काय आणलंयस?"

एलिश्वाने हात लांब करून झाकण काढलं. आत अप्पम होता, त्यावर झावळीचा क्रूस. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलंय, त्या घरी पेसहाचा अप्पम करत नाहीत. शेजाऱ्याने तो आणून द्यायचा असतो. सगळ्या गावाला तोंड बंद ठेवायला सांगता येतं, पण हे चुकवणं पेण्णम्माला जमणारं नव्हतं.

"मला वाटलं, तुम्हाला कळायच्या आत मागच्या मागे देऊन जाईन, चेट्टत्ती," ती रडत म्हणाली. "न आणता माझ्या घशाखाली घास उतरला नसता."

लिसम्मा ओट्याला धरून उभी होती. वक्कच्चन धावत आला आणि आईच्या छातीकडे बघत राहिला, जणू तिथलं काही आता फुटणार होतं. एलिश्वाने थाळी दोन्ही हातांनी घेतली.

"आत ये, पेण्णम्मा. वक्कच्चा, आपला बाजूला ठेव. हा काप."

सगळे टेबलाशी बसले. कुणीतरी आता मृतांसाठीची प्रार्थना सुरू करावी म्हणून लिसम्माने पुस्तक उघडलं. एलिश्वाने ते हाताने मिटलं. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळली, खूप खाली वाकली आणि कुणाच्या तरी कानाशी तोंड न्यावं तसं हळू आवाजात पवित्र कुटुंबाची नावं घेऊ लागली, "ईशो, मरियम, औसेप्पे. ईशो, मरियम, औसेप्पे." मग आवाज आणखी उतरला. नुसते ओठ हलत राहिले, बराच वेळ. मध्येच एकदा फाटकाचा उल्लेख ऐकू आला, बाकी काही नाही.

वक्कच्चनने बायकोकडे पाहिलं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अम्मच्ची, हे जीव जाताना कानात म्हणतात. मामांना जाऊन तीन आठवडे होत आले."

एलिश्वाने मान वर केली नाही.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्याला ऐकू दे."