गाडीतलं पाणी कुठे जातं

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. त्यांचं गॅरेज होतं, आणि गाडीचं दुखणं गिऱ्हाइकाला समजावून सांगताना ते खडूने फरशीवर आकृत्या काढायचे, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणायचे. तीस वर्षं त्यांचा धाकटा भाऊ त्यांच्यासोबत होता. मास्तरांनी कान लावून, वास घेऊन, बोट फिरवून दोष सांगायचा आणि धाकट्याने पाना घेऊन ते खोलायचं, अशी कामाची वाटणी होती. कधी कुणी ठरवली नव्हती, पडून गेली होती.

मग मास्तरांना अर्धांगाचा झटका आला. सात महिन्यांत उजवा पाय बराचसा परत आला, हात थोडासा आला, काठी घेऊन ते घराच्या मागच्या दाराने गॅरेजमध्ये येऊन बसू लागले. बोलणं मात्र आलं नाही. आवाज होता, दुसऱ्याचं सगळं समजतही होतं. पण डोक्यात जो शब्द असायचा तो तोंडापर्यंत पोचायच्या आत वाटेत दुसराच कुणीतरी घुसायचा. पाणी हवं असलं की ते ‘खिडकी’ म्हणायचे. लिहायला पेन दिलं तर अक्षरंही तशीच भलती उमटायची. चूक झाली हे त्यांचं त्यांना लगेच कळायचं, आणि सगळ्यात वाईट तेच होतं.

अशात दातांच्या डॉक्टरीणबाई गाडी घेऊन आल्या. दोन सीटांची, लाल, बुटकी स्पोर्ट्स कार. जुनी होती, पण त्यांनी ती वीस वर्षं मनात ठेवून मग घेतली होती. तिचं इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढे नाकाशी. बाईंनी सांगितलं ते असं, की गाडी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं हिरवं पाणी, पिते. दर शंभर-दीडशे किलोमीटरला टाकीतली पातळी दोन बोटं उतरते, पण पार्किंगमध्ये खाली एक थेंब दिसत नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने नुसतं भरत राहा म्हणून सांगितलं, दुसऱ्याने इंजिन उतरवावं लागेल म्हणून घाबरवलं. मास्तरांच्या आजारपणाचं त्यांना ठाऊक नव्हतं. दारातल्या खुर्चीकडे, मग काठीकडे पाहून त्या म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही बघाल ना?”

मास्तरांनी मान हलवली. धाकट्याने किल्ली घेतली.

पहिले चार दिवस धाकटा नीट क्रमाने गेला. इंजिन ऑइल तपासलं, ते स्वच्छ होतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. प्लग काढून पाहिले, कोरडे. धुरात पांढरेपणा नव्हता. सीटखालचा गालिचा उचलून हात फिरवला, ओल नव्हती. मग टाकीच्या तोंडाला हातपंप जोडून आत दाब भरला आणि काटा पाहत बसला. पाच तास काटा हलला नाही. धाकटा गाडीला प्रदक्षिणा घालायचा, वाकायचा, उठायचा आणि प्रत्येक वेळी सवयीने दाराकडे बघायचा. दारात मास्तर बसलेले असायचे. मग त्याला आठवायचं आणि तो परत वाकायचा.

मास्तरांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, किंवा कळलंय अशी त्यांची खात्री होती. टाकीची कॅप. तिच्यातली स्प्रिंग थकली की गरम झाल्यावर दाब धरत नाही, वाफ हळूच निघून जाते, खाली थेंब कुठून दिसणार? आणि हातपंप जोडायचा तर आधी कॅपच काढून ठेवायची, म्हणून त्या तपासणीत ती सापडणारच नाही. अर्ध्या मिनिटाचं सांगणं होतं. त्यांनी जोर लावून तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “टोपी.”

बायकोने घरातून लोकरीची टोपी आणली आणि त्यांच्या डोक्यावर चढवली. त्यांनी ती काढून फेकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा टोपी. धाकट्याने हसून म्हटलं की टोपी तर बाईंना घातली, ही गाडी विकणाऱ्याने. मास्तरांनी काठीने टाकी दाखवली. धाकटा म्हणाला, हो दादा, तिथलंच पाणी कमी होतंय. मग त्यांनी डाव्या हाताने हवेत झाकण फिरवून दाखवलं. बायकोने पाण्याची बाटली उघडून दिली. त्यांनी ती घेतली आणि प्यायलीही, कारण आता रागवायचं तरी कुणावर? दोघंही जीव तोडून समजून घेत होती. त्यांच्या डोळ्यांतली ती धडपड बघवत नव्हती म्हणून मास्तर दोन दिवस नुसते भिंतीकडे तोंड करून बसले.

कळलं ते स्वयंपाकघरात. बायको ओट्यापाशी बरण्या पुसून ठेवत होती. मास्तर उठले, एका बरणीचं झाकण उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिच्यासमोर उभे राहिले. ती आधी हसली. मग तिचं हसू थांबलं. “झाकण?” ती म्हणाली. “अहो, गाडीचं झाकण?” मास्तरांच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहू लागलं. ती तशीच ओल्या फडक्यासकट गॅरेजमध्ये धावली.

त्या दिवशी घरात सात महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणा आला. धाकट्याने नवी कॅप आणून बसवली, जुनी दाबून पाहिली तर स्प्रिंग खरंच मऊ लागली. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की दादाचं डोकं होतं तसंच आहे, नुसता वरचा दरवाजा अडकलाय. बायकोने फोन करून सगळ्या नातलगांना सांगितलं. मास्तर दोन घास जास्त जेवले. पहिल्या, जवळच्याच फेरीत पातळी हलली नाही. दुसऱ्या फेरीतही नाही.

तिसऱ्या, लांबच्या फेरीहून धाकटा परतला तेव्हा मास्तर वरच्या खोलीच्या खिडकीत होते. गाडी फाटकातून आत यायची ती बाहेरच, भिंतीला लागून थांबली. धाकटा उतरला, इंजिन निवेपर्यंत तिथेच घुटमळला. मग इकडे तिकडे बघून त्याने डिकीतून कॅन काढला आणि टाकीत ओतला. अंदाजाने, घाईघाईने. बोटभर नव्हे, चांगलं दोन-तीन बोटं ओतलं. कॅन परत ठेवून, हात पँटला पुसून तो गाडी आत घेऊन आला. जिन्याखालून हाक आली, “एक थेंब नाही गेला, दादा!”

मास्तर पलंगावर बसले. आपण चुकलो याचं त्यांना एवढं काही वाटलं नाही. दोष शोधताना माणूस चुकतो, दहा वेळा चुकतो, मग म्हणतो हे नाही, चल पुढचं बघू. पण ते म्हणायला तोंड लागतं. आता चूक झाली तर लोक ती उशीसारखी नीट करून त्यांच्या पाठीशी ठेवणार होते. खाली जाऊन धाकट्याचा कान धरावा, असं त्यांना वाटलं. खाली जाऊन ते काय म्हणणार होते? बायको चहा घेऊन आली आणि चेहरा का उतरला म्हणून विचारत राहिली. त्यांनी कप घेतला.

चार दिवस हे नाटक चाललं. धाकटा कॅन लपवायचा, मास्तर पाहिलं नाही असं दाखवायचे. पण त्या चार दिवसांत धाकटा एकटाच विचार करत होता, आणि ती सवय त्याला नव्हती. पाचव्या दिवशी त्याने गाडी लिफ्टवर चढवली. थंड इंजिनाला टाकीवर पंप जोडून ठेवला आणि मग इंजिन चालू केलं. पाऊण तास चालू ठेवलं, पंखा दोन-तीनदा सुरू होऊन बंद झाला, गॅरेज तापलं. मास्तर दारात येऊन उभे राहिले. पंपाचा काटा चांगला वर चढला होता, तो हळूहळू उतरू लागला.

धाकटा टॉर्च घेऊन खाली शिरला. रेडिएटरपासून इंजिनापर्यंत दोन नळ्या दारांखालच्या पोकळ पत्र्यातून जातात. उजव्या दाराखाली, पत्र्याला पाणी निघून जायला ठेवलेलं बारीक भोक असतं, तिथे एक हिरवा थेंब जमला, फुगला आणि पडला. मग दुसरा. आत नळी एका पट्टीला घासून सुईच्या टोकाएवढी फुटली होती. थंड असताना ती मिटलेली, गरम होऊन ताणली की उघडणार. धावत्या गाडीत थेंब वाऱ्यावर उडून जाणार. थांबली, निवली, की पुन्हा मिटणार.

“दादा,” धाकटा खालूनच ओरडला आणि एकदम थांबला. बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर हिरवा डाग होता. “कॅप नव्हती ती. मी खोटं बोललो तुझ्याशी. रोज भरत होतो.”

मास्तरांनी डाव्या हाताने त्याचं कपाळ पुसलं. तीस वर्षांत धाकट्याने पहिल्यांदा एकट्याने दोष पकडला होता, आणि तोही असला, जो त्यांना स्वतःलाही सुचला नव्हता. ते त्याला सांगायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. धाकटा म्हणाला, “राहू दे, दादा,” आणि इंजिन बंद करायला गेला.

नळ्या यायला नऊ दिवस लागले. धाकट्याने दोन्ही बाजूंच्या बदलल्या, जिथे घासत होतं तिथे रबर बसवलं, आणि गाडी चारशे किलोमीटर फिरवून आणली. टाकीवर मारलेल्या खुणेवरून पाणी हललं नाही.

डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या. धाकटा त्यांना नळी दाखवत होता, पण त्यांचं अर्धंच लक्ष होतं. किल्ली घेऊन त्या सरळ मास्तरांच्या खुर्चीपाशी आल्या. “मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “शोधणार तर तुम्हीच.”

मास्तर काठीवर भार देऊन उठले. त्यांनी मान जोरात हलवली, धाकट्याकडे हात केला. एवढासा शब्द होता, एका अक्षराचा. त्यांनी तो पकडला, ओठांवर आणला.

“मी,” ते म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले, पुन्हा प्रयत्न केला. “मी. मी.”

बाईंचे डोळे भरून आले. “हो मास्तर, तुम्हीच,” म्हणून त्यांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. धाकटा खाली बघून जुनी नळी फडक्यात गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

मास्तर गाडीमागोमाग फाटकापर्यंत गेले. लाल गाडी कोपऱ्यावर वळली, तिचा आवाजही गेला. तरी ते फाटकाची सळई धरून ओठ हलवत उभे होते. एक सायकलवाला शेजारून चालला होता.

“तो,” मास्तर स्वच्छ म्हणाले.

सायकलवाल्याने आपल्याला हाक मारली का म्हणून वळून पाहिलं आणि तो पुढे निघून गेला. आत गॅरेजमध्ये धाकट्याने ग्राइंडर सुरू केला होता.