तुंबा खुंटीला, माणूस वैद्याकडे

या मित्रांनो, जरा पुढे सरका. मागे उभे आहेत त्यांनीही बूट काढून आत यावं आणि दार लावून घ्यावं, बाहेर गारठा आहे. कीर्तनाला बसतो तसे मांडी घालून बसा. आज झांज नाही, पेटी नाही, पण गोष्ट आहे. शेवटी तुमच्याकडे एक मागणं मागणार आहे, तेवढं ऐकल्याशिवाय उठू नका.

मी एक जुना तुंबा आहे. भोपळ्याचा नव्हे, गोरखचिंचेच्या फळाचा. आमचं मूळ आफ्रिकेतलं. कधी काळी गलबतांतून आमच्या बिया कोकणच्या किनाऱ्याला लागल्या आणि तिथेच रुजल्या. हत्तीच्या पायासारखं खोड आणि वर आकाशात मुळं गेल्यासारख्या फांद्या, असं आमचं झाड. त्याच्याखाली गोरखनाथ शिष्यांना घेऊन बसत, असं लोक म्हणतात, म्हणून हे नाव. मी चौलजवळच्या अशाच एका झाडावर दुधीएवढा लोंबकळत होतो. अंगावर मऊ लव होती, आत खडूसारखा पांढरा, आंबट गर होता.

मला उतरवलं ते सगुणामाईंनी. त्या एका कीर्तनकार गुरुजींच्या पत्नी. त्यांनी माझं तोंड कापलं, गर काढला, आतून मला वाळूने घासलं, उन्हात वाळवलं आणि गळ्यात सुताची दोरी बांधली. गर बरणीत भरून ठेवला. गावात कुणाला हगवण लागली की तो गर ताकात कालवून देत. ताप आला, तहान भागेना, की पाण्यात कोळून देत. सुजेवर पानं वाटून बांधत. कीर्तन करून गुरुजींचा घसा तापला की तेच आंबट पाणी माझ्यात ओतून ठेवत.

देताना माई प्रत्येकाला एकच वाक्य सांगत. "तीन दिवस घ्या. तीन दिवसांत उतार पडला नाही, तर तुंबा खुंटीला आणि माणूस वैद्याकडे." का सांगत, ते पुढे येईलच.

गुरुजींचा शिष्य पुरुषोत्तम एकोणीस वर्षांचा झाला, पहिलं कीर्तन करायला निघाला, तेव्हा माईंनी मला त्याच्या खांद्याला अडकवलं. ते वाक्य त्यालाही सांगितलं. त्याने मान डोलावली. त्याचं लक्ष झांजेकडे होतं. मी मात्र ते नीट ऐकलं.

मित्रांनो, पुढची पन्नास-पंचावन्न वर्षं माझ्या मानाची होती. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, तेवढ्यात बुवा दोन घोट घेतात. पुरुषोत्तमबुवा ते घोट माझ्यातून घ्यायचे, आणि मग उत्तररंगात त्यांचा आवाज असा चढायचा की देवळातली समई थरथरते आहे असं वाटावं. लोक म्हणू लागले, "बुवांच्या गळ्याचं रहस्य तुंब्यात आहे." कीर्तन संपलं की बुवांबरोबर माझ्याही पाया पडत, ओंजळ पुढे करून एकेक घोट मागत. मलाही ते खरं वाटू लागलं होतं, खोटं कशाला सांगू? घसा बसे, तिसऱ्या दिवशी मोकळा होई. माईंच्या वाक्याचा पुढचा अर्धा भाग कधी लागलाच नाही. न लागणारी किल्ली गंजते, तसा तो गंजून गेला.

गेल्या वर्षी बुवा त्यांच्या मुलीकडे, राधिकाकडे, कायमचे राहायला आले. अमेरिकेत, बॉस्टनच्या पश्चिमेला श्रूजबरी नावाचं गाव आहे, तिथे. विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला उलटंपालटं केलं, आत नाक घालून वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे? बुवा शांतपणे म्हणाले, "वॉटर बॉटल." मला सोडलं, गर मात्र ठेवून घेतला. मग राधिकाने शोध काढला. शेजारच्या वूस्टर शहरात घानाची खूप माणसं राहतात. तिथल्या एका दुकानात आमच्याच फळाची पूड पाकिटातून मिळत होती. बुवांना कोण आनंद झाला. "बघ, माझ्या आधी माझं औषध इथे येऊन बसलंय."

नवरात्रात त्यांचा आवाज बसला. तीन दिवस झाले, आठ झाले. दिवाळी येऊन गेली. फराळाच्या वेळी पाहुण्यांशी बोलताना कोरड्या पानावर पाय पडावा तसा आवाज येत होता. बुवा पुडीचं पाणी दोनदा घ्यायचे, ते चारदा घेऊ लागले. आणि मी, मित्रांनो, आतल्या आत तळमळू लागलो. चार वेळा ओठाला लागायचो आणि चारही वेळा ओरडून सांगावंसं वाटायचं, मला ठेवा, मला खुंटीला टांगा. पण मला तोंड दिलंय ते पाणी ओतण्यापुरतं.

"बाबा, ईएनटीची अपॉइंटमेंट घेते," राधिका म्हणायची. "दोन महिने झाले."

"हवा कोरडी आहे इथली. तुमच्या त्या हीटरने घसा सुकतो."

"मग डॉक्टरला तेच सांगू देत ना."

"राधे, माईंचा तुंबा आहे हा. आयुष्यभर याने मला उभं केलं. आता याला सांगू, की बाबा रे, तुझा भरवसा नाही? आणि दत्तजयंतीचं कीर्तन दहा दिवसांवर आलंय."

"तेही कॅन्सल करू या. मी देवळात नीलाकाकूंना फोन करते."

"कर की. मला आधी स्मशानात पोचवून ये, मग कर," असं म्हणून बुवा हसले आणि हसता हसता खोकू लागले. खोकला थांबला तेव्हा त्यांनी रुमाल पटकन मुठीत धरला. राधिकाने तो पाहिला नाही. मी मांडीवरच होतो. मला लाल ठिपका दिसला.

हीटरचं एक खरं होतं. त्याच आठवड्यात त्या कोरड्या हवेने मला तडा गेला. तोंडापासून पोटापर्यंत बोटभर भेग. बुवांनी पाणी ओतलं ते त्यांच्या धोतरावर सांडलं. त्यांनी मला छातीशी धरलं. इतके दिवस स्वतःसाठी घराबाहेर न पडलेला माणूस माझ्यासाठी पाच मिनिटांत कोट घालून तयार झाला. शनिवार होता. राधिका गाडी काढायला गेली; तिची दहा वर्षांची लेक अनया मला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन बसली. बाहेर बर्फ भुरभुरत होतं.

पुडीच्या त्या दुकानाची मालकीण अझारा, घानाच्या उत्तरेकडची, साठीची धिप्पाड बाई. तिने टॉवेल उलगडला, मला पाहिलं आणि दोन्ही तळहातांत घेतलं. कोणी माहेरी आलेल्या सासुरवाशिणीला कुरवाळावं तसं कुरवाळलं. बुवांना इंग्रजी जेमतेम, राधिका गाडी लावायला जागा शोधत होती, म्हणून अनया मध्ये उभी राहिली.

"आजोबा, ती म्हणते हे त्यांचं ट्री आहे. त्यांच्या गावात पण आहे. लीव्ह्जचं सूप करतात. आणि बेबीजना टमी खराब झालं की हेच देतात, सेम."

"विचार, भेग सांधता येईल का?"

अझाराने लगेच खण उघडला. मोठी सुई आणि मेणाचा दोरा काढला. तिच्या गावी फुटलेले तुंबे शिवतात म्हणे. टोच्याने बारीक भोकं पाडत तिने मला टाके घालायला सुरुवात केली. दुखलं, पण हात जाणता होता. टाके घालता घालता तिने विचारलं, यातून कोण पितं?

"मी," बुवा म्हणाले. "आय. फॉर थ्रोट."

तिची सुई थांबली. तिने त्यांच्या गळ्याकडे पाहिलं. मग अनयाला तिने काहीतरी सावकाश, लांबलचक सांगितलं. अनयाने मधे एकदा आईसाठी दाराकडे पाहिलं.

"काय म्हणते?"

"आजोबा, ती विचारते, आवाज किती दिवस असा आहे."

"सांग, थोडे दिवस."

"नाइन वीक्स," अनयाने अझाराला परस्पर सांगून टाकलं.

अझारा पुन्हा बोलली, आता आवाज चढवून. अनया शब्द शोधू लागली. "तिची आजी हे औषध द्यायची. सगळ्या गावाला. आणि म्हणायची, थ्री नाइट्स. तीन रात्री. बरं नाही झालं, तर... तर पॉट भिंतीवर लटकव आणि माणसाला हॉस्पिटलला ने. आणि ती म्हणते, यू आर अ फनी मॅन. पॉट लगेच रिपेअरला आणलं. स्वतःला कधी आणणार?"

मित्रांनो, माझ्या भेगेत अर्धवट ओवलेला दोरा तसाच होता. बुवा काउंटरला धरून उभे होते. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही, पण मी जवळ होतो, मला कळलं. ते म्हणत होते, "तुंबा खुंटीला." बर्फ झटकत राधिका आत आली, तेव्हा बाबा डोळे पुसत होते.

"काय झालं?"

"काही नाही. माई भेटल्या," बुवा म्हणाले. "ती तुझी अपॉइंटमेंट घे."

घशात, स्वरतंतूवर, गाठ निघाली. साधी नव्हती. पण लहान होती, पसरली नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडे महिने गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं. दत्तजयंतीचं कीर्तन राहिलं. हिवाळाभर किरणांचे उपचार झाले, बुवा घरात पाटीवर लिहून बोलत, अनया त्यांच्या अक्षराला हसे. मी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलो होतो, रिकामा, शिवलेला. माझा मान गेला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला शांत झोप लागत होती.

गुरुपौर्णिमेला बुवा तिथल्या देवळात पुन्हा उभे राहिले; मलाही खिळ्यावरून काढून, भरून शेजारी ठेवलं होतं. तो पहिला आवाज आला नाही. येणारही नाही. खालच्या पट्टीत, खरखरीत, माइक ओठाशी धरून ते गायले. उत्तररंगात त्यांनी कुठल्या राजाचं आख्यान लावलं नाही, सगुणामाईंचं लावलं. माईंचा पहिला मुलगा चार वर्षांचा, तापाने फणफणलेला. माईंना आपल्या औषधाचा भरवसा. चार दिवस त्या गर कोळून पाजत राहिल्या. पाचव्या दिवशी बैलगाडी जोडली, अलिबागच्या रस्त्याला लागले, आणि अर्ध्या वाटेतून गाडी परत फिरवली. त्या मुलाच्या बदल्यात माईंना ते वाक्य मिळालं होतं. "आणि मी त्यातलं अर्धंच घेऊन एवढी वर्षं हिंडलो," बुवा म्हणाले.

कीर्तन संपल्यावर नेहमीसारखी ओंजळींची रांग लागली. पहिल्या नीलाकाकू.

"बुवा, घोटभर द्या. माझा गुडघा फार धरलाय."

"देतो. आधी वाक्य म्हणा."

"कुठलं?"

"पुरं वाक्य. अर्ध्यावर घोट मिळत नाही."

काकूंनी म्हटलं. मग मागच्याने, मग त्याच्या मागच्याने. अझाराला राधिकाने आवर्जून बोलावलं होतं; तिने ते तिच्या भाषेत म्हटलं. सगळ्यांत शेवटी अनया आली आणि एकही इंग्रजी शब्द न घालता म्हणाली.

मित्रांनो, आम्हा झाडापाल्याला फेकू नका. आमच्यात खरंच काही गुण आहे, आणि आम्हाला जपणारी माणसं शहाणी होती. पण आमच्या गळ्यात न पेलणारं ओझंही घालू नका. आता माझं मागणं. तुमच्या घरात कोणी काढा करील, लेप लावील, तेव्हा अलिबागच्या वाटेवरून परत फिरलेल्या त्या बैलगाडीतल्या आईची आठवण करा. तिचं नाव सगुणा. मुलाचं नाव तिने पुन्हा कधी घेतलं नाही, म्हणून ते मलाही ठाऊक नाही. त्याचीही आठवण करा.