किलोमागे पंधरा हजार लिटर

देवदत्तला पाण्याचा पुळका आला तो नेमका वफ्राच्या सहलीच्या तोंडावर.

इथे आखातात, फिंतासच्या आमच्या बिल्डिंगमधली मराठी घरं दर थंडीत वफ्राला एखाद्या शेतावर जातात. रत्नागिरीच्या रबियाभाभी बीफ पुलावाचं पातेलं आणतात. ज्याला खायचं तो खातो, बाकीच्यांचं वेगळं शिजतं. यंदा देवदत्तने ग्रुपवर फर्मान काढलं: एक किलो बीफला पंधरा हजार लिटर पाणी लागतं, सबब सहल पर्यावरणपूरक होईल. धर्माचं नाव कुठेही नाही. एवढी अक्कल त्याला होती.

हा गृहस्थ मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनियर. इथे नळाला येतो तो इंधन जाळून गोडा केलेला समुद्र, आणि त्याच पाण्याने याची लांबलचक गाडी रोज धुतली जाते. सहलीसाठी सुचवलेलं पनीर कुठल्या बिनपाण्याच्या म्हशीचं, तेही सांगितलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

गुरुवारी संध्याकाळी, इथल्या शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीआधी, सहलीचं ठरवायला आम्ही त्याच्याकडे जमलो. रबियाभाभीही आल्या होत्या. देवदत्तची बायको संपदा नर्स. तिच्या ड्युट्यांमुळे त्यांची अबोली बालवाडीपासून शाळा सुटली की रबियाभाभींकडेच जेवते. त्यामुळे संपदाची मान खाली. मला मात्र राग आवरेना.

"देवदत्त, पाण्याचं निमित्त कशाला? सरळ बोल की."

"आकडा खोटा आहे का? आमच्या घरात तर कुणी..."

"बाबा, आय ईट बीफ," अबोली मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली. "सिन्स सिक्स्थ ग्रेड."

देवदत्तचा चेहरा उतरला. मग तो रबियाभाभींकडे वळला.

"भाभी, विश्वासाने पोर तुमच्याकडे सोपवली. तुम्ही तिला हे खायला घातलंत?"

"आंटी नेव्हर गेव्ह मी. मी मागितलं तरी नाही," अबोली म्हणाली. "बर्गर. मॉलमध्ये. युवर कार्ड."

"तिचं पातेलं वेगळं आहे, भाऊ," रबियाभाभी म्हणाल्या. "डावसुद्धा वेगळा. इतकी वर्षं तुमचा नियम पाळला, दोनदोनदा भांडी घासली. तेव्हा पाणी नाही मोजलं मी."

संपदा रडायला लागली. रबियाभाभींनी पर्समधून, अबोलीसाठी जवळ ठेवलेली संपदाच्या फ्लॅटची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"रविवारी शाळा सुटल्यावर पोरीला कुठं पाठवायचं ते बघा."

त्या निघाल्या. अबोली उठून दाराशी चपला शोधू लागली.

"कुठे निघालीस?" देवदत्त ओरडला.

"जेवायला," ती म्हणाली.