कुरवाच्या पायातलं कडं

मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे आणि माझं वय मी लपवत नाही. अंगावरचं काळं कातडं दोन ठिकाणी सुटलंय. उजव्या भिंगात बुरशीचा एक तीळ आहे. हसू नका, तुमच्या आजीच्या गालावरही असेल.

कारखान्यात मला फार जपून जुळवलं होतं. मला वाटलं, आता जन्मभर मखमलीवरच राहायचं! पण मला घेतलं दादाजींनी. ते जंगलात चौकीदार होते. पारशिवनीकडच्या रानात वीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात होते. ऊन, धूळ, काटे सगळं सोसलं, पण त्या दिवसांत मला मान होता. दादाजी गेले आणि मी लकडगंजच्या घरी कपाटावर, पाहुण्यांच्या गाद्यांमध्ये जाऊन पडले. कधीतरी नातवंडं मला उलटी धरून घर लहान करून बघत. तेवढंच काम उरलं.

मला खाली काढलं ते दादाजींच्या सुनेनं, कांताबाईंनी. त्या साड्यांना फॉल-पिको करतात. बारीक टाक्यांवर नजर रोवून डोळे शिणले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "अधूनमधून लांबचं बघत जा." बाईंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं. चुकतमाकत, पुस्तकं चाळत त्या पक्षी ओळखायला शिकल्या. हिवाळ्यातल्या रविवारी रामटेककडच्या तळ्यांवर आमची हजेरी ठरलेली. नेम एकच : दिसलं तेवढं आधी वहीत लिहायचं, पुस्तक नंतर उघडायचं. असे अकरा हिवाळे एकाच जाड वहीत बसले होते.

गेल्या जानेवारीत आमचा पक्षीगट समुद्रपक्ष्यांच्या गणनेसाठी दापोलीजवळच्या किनाऱ्यावर गेला. गटाचे प्रमुख उन्मेष बँकेत अधिकारी आहेत. कांताबाईंनी भाचीला, रोशनीला, सोबत घेतलं होतं. मी समुद्र पहिल्यांदाच बघत होते. वाळूवर हजारभर कुरव, म्हणजे सीगल, बसले होते, पांढरे, राखी पंखांचे, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. आणि त्यांतल्या एकाच्या पायात हिरवं कडं होतं!

मित्रांनो, दूरदेशीचे अभ्यासक पक्ष्यांच्या पायात आकड्यांचं असं कडं घालतात. आकडा वाचून कळवला, की तो पक्षी कोण आणि कुठला, ते समजतं. एक आकडा चुकला, तर तो दुसराच पक्षी होतो.

"रोशनी, हातावर लिव! चार... सात... एक..." चौथ्या आकड्यावर चिखल होता. तीन की आठ? बाईंनी माझं चाक इकडेतिकडे फिरवलं. मीही जीव ओतला.

"मावशी! अवं, पिशवी पोहून राहिली!"

तळ्याकाठी ठेवतात तशी पिशवी त्यांनी वाळूवर ठेवली होती. आमच्या तळ्यांचं पाणी काही उठून अंगावर येत नाही. भरती हा प्रकार आम्ही ऐकून होतो, हिशेबात धरला नव्हता इतकंच. पिशवीत ती अकरा हिवाळ्यांची वही. बाई धावल्या, वही वाचली, पण कुरव उडाला.

संध्याकाळी उन्मेष म्हणाले, "आठच असणार, काकू. लिहून टाका. यादी पाठवायची आहे."

"काहून? तुमी पाह्यला?"

"नाही, पण अंदाज—"

"अंदाज तर मले बी येते. दिसला नाही तं लिवत नाही मी."

"उद्या दुपारी परतीची गाडी आहे."

"दुपारी हाय नं? सकाळ तर आपली हाय."

उन्मेष हसले. "हजारात तोच एक पुन्हा यायला तो काय पिकोला साडी टाकून गेलाय?"

"साडी टाकणाऱ्या बाया तरी कुठं वेळेवर येतात, भाऊ? वाट पाहाची सवय हाय मले."

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही किनाऱ्यावर. वही आज रोशनीच्या गळ्यातल्या झोळीत होती. बाई एकेका कुरवाचे पाय तपासू लागल्या. कोणी एका पायावर उभा, कोणी पोटाखाली पाय घेऊन बसलेला. तास गेला, दुसरा गेला. पाणी घोट्यावर आलं, मग गुडघ्यावर. साडी खोचून बाई तशाच उभ्या. त्यांचे हात अवघडायचे, तेव्हा रोशनी त्यांची कोपरं धरायची.

आणि हिरवं दिसलं. चार, सात, एक... तोच तो! पायाला चिखल तसाच. एक लाट आली. तिनं त्याचे पाय धुतले आणि माझंही तोंड. खारं पाणी माझ्या चाकात शिरलं, पण बाईंनी मला डोळ्यांवरून हलवलं नाही.

"तीन! रोशनी, पाह्य, पाह्य, तू बी पाह्य!"

रोशनीनं मला डोळ्यांना लावलं. "तीनच हाय, मावशी!"

आकडा कळवला, आणि महिन्याभरानं अभ्यासकांचं उत्तर आलं. उन्मेषनी ते गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचलं. तो कुरव दूर उत्तरेच्या एका तळ्याकाठी जन्मलेला. चार वर्षं तो कोणालाच दिसला नव्हता, मेला असं समजून त्याचं नाव बाजूला काढलं होतं. आणि शेवटी आठ असलेला? तो तीन हिवाळ्यांपूर्वीच मेलेला सापडला होता.

उन्मेषनी कागदाची घडी करून तो बाईंच्या हातात दिला. मग म्हणाले, "काकू, मी मेलेला उडवला असता आणि जिवंत मारला असता."

"तुमी चांगले माणूस आहा, भाऊ," बाई म्हणाल्या, "फक्त गाडीची घाई लय करता."

घाई बाईंनीही केली होती. आनंदाच्या भरात त्या दिवशी मला पुसायचं राहिलं. मिठानं माझं चाक धरलं, ते आता करकरतं. मित्रांनो, समुद्रावरून आलात, तर तुमच्या दुर्बिणीला त्याच दिवशी ओलसर फडक्यानं पुसा, कोरडी करा. गाद्यांत कोंबू नका, बाहेर न्या. चाक जड झालं, तरी स्पष्ट दिसेपर्यंत फिरवत राहा. आणि तरीही दिसलं नाही, तर वहीत तेवढी जागा कोरी सोडा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जा.